सूर्यचित्रांच्या निमित्ताने

या स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. इतिहासाचा शिक्षक दिसला की लोकांना सनावळी आठवते. ते काम इतर सहकारी आमच्याहून चांगले करतील. आम्ही येथे मुलांनी शाळेच्या आवारात हाताने केलेल्या निळ्या छायाचित्रांविषयी लिहिणार आहोत. त्या उपक्रमातून शिक्षकांच्या खोलीत एक वाद उभा राहिला आणि तो वाद आमच्या मते शाळेच्या इतिहासाचाच भाग आहे.

आधी कृती सांगतो. या छायाचित्राला कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे अंधाऱ्या खोलीत एकत्र करून ब्रशने कागदावर लावावयाची. कागद सुकला की त्यावर पान, पीस किंवा एखादी वस्तू ठेवून तो उन्हात न्यावयाचा. उन्हात तापलेला कागद पाण्यात धुतला की उघडा भाग गडद निळा होतो आणि वस्तूखालचा भाग पांढरा राहतो. ही रीत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 साली शोधली. पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळांचे असे छाप काढून पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अभियंत्यांचे नकाशेही पूर्वी याच रीतीने निघत. ब्लू प्रिंट हा शब्द त्यातूनच आला.

आण्याच्या पठारावर उन्हाची वाण नाही. वाण आहे ती पाण्याची. म्हणून तीन घमेली मांडून मोजक्या पाण्यात छाप धुण्याची शिस्त मुलांनी लावून घेतली. पहिल्या घमेल्यातील रसायनाचे पाणी झाडांना न घालता वेगळ्या खड्ड्यात जाते. बोअरचे पाणी जड असल्याने निळा रंग फिका पडू लागला, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी पाण्यात लिंबू पिळायला सांगितले. आम्ल आणि आम्लारी यांतील फरक जो फळ्यावर वर्षभर कळला नव्हता, तो एका लिंबाने कळला, असे त्यांचे म्हणणे आहे.

कागदाचा प्रश्न आम्हांला अधिक जवळचा. जुन्नर हे हातकागदाचे जुने ठिकाण. जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाई. ताग, गोणपाट भिजवायचे, कुटायचे, लगदा पाण्यात कालवून साच्यावर उचलायचा, दाबून वाळवायचा, खळ देऊन दगडाने घोटायचा, असे हे कष्टाचे काम. ते करणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. आमच्या इतिहासकारांच्या पिढ्या त्या कागदावरील मोडी वाचण्यात खपल्या. कागद कोणी कुटला, हे विचारणारे थोडेच. मुलांनी रद्दी वह्या आणि गोणपाट भिजवून कागद केला तेव्हा पहिले ताव भाकरीएवढे जाड निघाले. पुढे पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणला. पण मुलांचा जीव आपल्या भाकरीवरच अधिक.

यानंतर आम्ही त्यांना जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख समजावून सांगितले. त्यांत कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी येतात. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी यांच्याकडे दानाची रक्कम ठेवल्याची नोंद आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले आहे. यावरून त्या काळी भेदभाव नव्हता असे म्हणता येणार नाही; तेवढे धाडस पुरावा करू देत नाही. पण भिक्खुसंघासाठी दिलेले धन बांबू सोलणाऱ्या हातांकडे विश्वासाने सोपविले जात होते, हे दगडात कोरलेले आहे. पुढच्या काळात गावगाड्याने त्याच हातांना कोठे बसविले, हे आमच्या मुलांना शिकवावे लागत नाही.

वाद उद्भवला तो येथे. घरातून एखादे जुने अवजार आणा, त्याचा छाप काढू, असे मुलांना सांगितले होते. विळे आले, पाट्या आल्या, रापी आली. एका मुलाने पणजोबांची घुंगुरकाठी आणली. ती पाहताच आमचे एक ज्येष्ठ सहकारी अस्वस्थ झाले. ते म्हणाले, ही काठी खाली ठेवता यावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने ते वतन गेले. आणि आपण ती काठी निळ्या रंगात सजवून भिंतीवर लावणार? दुसऱ्या शिक्षिकेचे म्हणणे असे की, काठी पुसली तर ती घेऊन रात्री-अपरात्री कोसच्या कोस चाललेला माणूसही पुसला जाईल.

दोघांचेही खरे होते. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली मांडले. पारंपरिक कारागिरीचे कौतुक करणारी शहरी मंडळी हे वाक्य वगळून पुढे जातात. आमच्या मते मात्र प्रश्न वस्तूपेक्षा तिच्याखालच्या चिठ्ठीचा होता. इंग्रज सरकारने 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यांत फोटो माणसांचे, पण ओळख बहुधा जातीची किंवा जमातीची. चेहरा एखाद्या नमुन्यासारखा. आणि आमच्या पिढीची गोष्ट अशी की, घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असे, पण आजी-आजोबांचा एकही नसे. ज्यांचे फोटो निघाले त्यांची नावे नाहीत, आणि ज्यांची नावे आम्हांला ठाऊक आहेत त्यांचे फोटो नाहीत.

शेवटी ठरले ते असे: चिठ्ठीवर वस्तू, ती वापरणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, वापर आणि छाप काढणाऱ्याचे नाव लिहावयाचे, जातीचा रकाना नाही. छाप काढावा की नाही, हे आणणाऱ्या मुलाने ठरवायचे. घुंगुरकाठी आणणाऱ्या मुलाने ती तशीच घरी नेली आणि पणजोबांऐवजी आजोबांचा चष्मा आणला. काचा फिकट निळ्या आणि काड्या पांढऱ्या उमटल्या. रापी छापली ती ज्या मुलीच्या घरी कधी कातडे शिवले गेले नाही तिने, मालकाची परवानगी घेऊन.

पालकभेटीच्या दिवशी एक आजी नातीचे काम पाहत उभ्या होत्या. त्यांचा एकही फोटो घरी नाही, असे नात म्हणाली आणि तिने आजीचा तळहातच कागदावर ठेवून घेतला. दहा मिनिटे उन्हात हात स्थिर राहीना, त्यामुळे बोटांच्या कडा पुसट आल्या आहेत. चिठ्ठी भरताना आजींनी आपले नाव वडिलांच्या नावासह सांगितले. वस्तूच्या रकान्यात ‘हात’ असे आले. वापराच्या रकान्यात काय लिहू, असे नातीने विचारले, तेव्हा त्या खुरपणीपासून सांगू लागल्या. रकाना भरला, मग समास भरला. उरलेले नातीने चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.