इलेक्ट्रिक गिटारची पहिली खरेदी

दिव्यातील एका व्यापारी कुटुंबातील नववीतल्या मुलीने इलेक्ट्रिक गिटार मागितली, तेव्हा पहिला आक्षेप आवाजाचा निघाला. भिंतीपलीकडे शेजारी आणि सायंकाळी आजींचे सामायिक! वस्तुतः ही गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. ॲम्प्लिफायरविना तिचा आवाज जेमतेम खोलीपुरता, आणि ॲम्प्लिफायरला हेडफोन जोडला की तो केवळ वाजविणाऱ्यालाच.

दुसरा आक्षेप आजींचाच आणि अधिक वजनदार होता : तारा कशाच्या? जुन्या पाश्चात्त्य वाद्यांना आतड्याची तात लावीत, हे त्यांनी ऐकले होते. येथे ती शंका उरत नाही. पिकअपमधील चुंबकाला पोलादी तारेचे कंपन कळते. तात तेथे मुकीच. मात्र मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात, ती ‘नट’ नावाची पट्टी काही गिटारींत हाडाची असते, आणि गळ्यातील पट्टा पुष्कळदा चामड्याचा. दोन्ही विचारूनच घ्यावे. स्वस्त गिटारीत नट बहुधा प्लॅस्टिकचा असतो. एरवीची ही उणीव जैन घरात गुणच ठरते.

वडील तिला लोकलने धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत घेऊन गेले. माल पारखण्याची सवय कामी आली. मान वाकलेली नाही ना, हे त्यांनी डोळ्यांसमोर धरून पाहिले. पडद्यांच्या कडा बोटांना टोचतात का, हे चाचपले. प्रत्येक पडद्यावर तार दाबून खरखर ऐकली. ॲम्प्लिफायर आणि केबलचे पैसे आधीच बाजूला काढलेले होते. रंगाविषयी मात्र ते बोलले नाहीत. तिने गडद निळी निवडली. पट्टा सुती घेतला.