नग कोणाचा, वजन कोणाचं

फाउंड्रीत कास्टिंग ओतलं जातं किलोंवर आणि विकलं जातं बहुतेक वेळा नगांवर. भट्टीवरचा माणूस हीटमागे किती धातू वितळला ते लिहितो, फेटलिंगवाला नग मोजतो, गाडी वजनकाट्यावर चढली की पुन्हा किलो, आणि गिऱ्हाइकाच्या पर्चेस ऑर्डरवर पुन्हा नग. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी कारखान्यांची वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून देतो. ईआरपी, टॅली, ई-इनव्हॉइसचं सरकारी पोर्टल, मोठ्या गिऱ्हाइकाचं व्हेंडर पोर्टल. या कामाचा खरा कस किलो आणि नग यांच्या मधल्या जागेत लागतो.

पूर्वी ही जोडणी माणसंच करायची. डिस्पॅचचा पोरगा चलन आणून द्यायचा, अकाउंट्समधल्या ताई ते टॅलीत मारायच्या, आणि तेच आकडे कुणीतरी तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर भरायचं. १ ऑक्टोबर २०२० ला ई-इनव्हॉइस सुरू झालं तेव्हा ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांपुरतं होतं. मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली आणि एका शेडमधली फाउंड्रीही त्यात सापडली. आता बिलाला आयआरएन म्हणजे पोर्टलकडून मिळणारा नंबर हवा, क्यूआर कोड हवा, आणि माल कर्नाटकात जाणार असेल व ५० हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिलही हवं. संध्याकाळी गेटवर गाड्यांची रांग लागलेली असताना हे सगळं हाताने करणारी माणसं मेटाकुटीला येतात. मला बोलावणं येतं ते त्यासाठी.

हत्यारांबद्दल थोडक्यात सांगतो. माणसासारखं स्क्रीनवर क्लिक करत जाणारे रोबोट बाजारात मिळतात. मालकाला दाखवायला ते छान वाटतात, पण समोरच्या पानावरचं एक बटण सरकलं की अडकून बसतात. टॅलीला ९००० नंबरच्या पोर्टवरून एक्सएमएल पाठवता येतं, ई-इनव्हॉइसला जेसन लागतं. असा सरळ रस्ता असेल तिथे मी रोबोट बसवत नाही.

आता त्या मधल्या जागेकडे येतो. एका कारखान्यात पंपाच्या बॉडीची गाडी भरली होती. ऑर्डर ४०० नगांची, मास्टरमध्ये एका नगाचं वजन ७.२ किलो, म्हणजे २,८८० किलो व्हायला हवेत. क्रेटचं वजन वजा जाता काट्याने दाखवले २,९६४. चौऱ्याऐंशी किलो जास्त. मालकांच्या मनात आलं, नगच जास्त भरलेत. स्टोअरमधले काका काही बोलले नाहीत. एक कास्टिंग उचलून त्यांनी छोट्या काट्यावर ठेवलं. ७ किलो ४१० ग्रॅम. मग म्हणाले, “नग बरोबर हाईत, मालक. मोल्डला रॅमिंग कमी पडलंय, माल जड आलाय.” वाळू नीट ठासली नाही की धातूच्या दाबाने साच्याची भिंत मागे सरते आणि कास्टिंग फुगतं. हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

समजा, वजनाला ७.२ ने भागून नग काढायचे असा नियम मी यंत्रात घातला असता. ४१२ नगांचं बिल निघालं असतं, आयआरएनसकट आणि क्यूआर कोडसकट, अगदी नीटनेटकं. गिऱ्हाइकाच्या गेटवर ४०० मोजले गेले असते आणि बारा नगांची डेबिट नोट हातात पडली असती.

म्हणून वायर जोडण्याआधी मी मालकांना एकच गोष्ट ठरवायला लावतो : कुठल्या आकड्यावर कोणाचा हक्क. नग स्टोअरचे. वजन काट्याचं. दर पर्चेस ऑर्डरचा. पार्टीचं नाव आणि जीएसटी नंबर अकाउंट्सचा, कारण टॅलीत लेजरच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी नोंद परत येते. एकाने दुसऱ्याचा आकडा वाचावा, पण तो बदलू नये. दोन आकडे पटले नाहीत तर यंत्राने अंदाज न बांधता थांबावं आणि ज्याचा आकडा आहे त्याला विचारावं. किती टक्के फरकाला थांबायचं हे मी ठरवत नाही, ते फाउंड्रीवाल्यांनी ठरवायचं. थांबल्यावर फोनवर जाणारा निरोप मी मराठीत लिहितो : “गाडी थांबवली आहे. वजन २.९ टक्के जास्त. नग पुन्हा मोजून कळवा.” एरर कोड वाचून स्टोअरमधल्या माणसाने काय करायचं?

दुहेरी नोंदींचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. बिल पाठवलं, तिकडे नोंदलं गेलं, आणि उत्तर यायच्या आत लाइन तुटली. पुन्हा पाठवायचं की नाही? ई-इनव्हॉइसची रचना इथे मला मनापासून आवडते. आयआरएन हा चौसष्ट अक्षरी नंबर विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांतूनच तयार होतो. तेच बिल पुन्हा गेलं तर नंबर तोच येतो आणि पोर्टल २१५० क्रमांकाची एरर देऊन ते नाकारतं. ज्यांनी हे आखलं त्यांना दाद द्यायला हवी. सगळीकडे अशी सोय नसते. तिथे आधी “हा बिल नंबर तुझ्याकडे आहे का” असं विचारायचं आणि मगच पाठवायचं. यात वेळ जातो, पण ती पायरी मी कधीच गाळत नाही.

अकाउंट्समधल्या ताईंनी मला विचारलं होतं, “सगळं आपोआप होणार, मग मी काय करू?” प्रश्न रास्त होता. आता त्या थकलेल्या बिलांच्या मागे असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण त्यासाठी कुणीतरी रोज यादी घेऊन फोन करावा लागतो. आधी त्यांना त्यासाठी वेळच मिळत नव्हता.

तुमच्या कारखान्यात असं काम सुरू होणार असेल तर पहिल्या बैठकीला स्टोअरकीपरला बोलवा, त्याच्या वहीसकट बोलवा, आणि गाडी थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहील हे त्याच्यासमोरच ठरवा.