माती, गादी आणि काळे गोल

'प्रगती' हा शब्द व्यासपीठावरून ऐकला की आपण टाळ्या वाजवतो. घरी परतताना मात्र त्याच शब्दाची मला थोडी धास्ती वाटते.

आमचा नांदेड-लातूरचा मुलूख पैलवानांचा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. ती पिढी तेल, ताक, हळद घालून मळलेल्या लाल मातीत वाढली. मातीतल्या कुस्तीला घड्याळाची घाई नव्हती. पाठ लागली की निकाल. आता गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. ऑलिंपिकला माती नसते, तेव्हा गादीला नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण मातीचा श्वास लांब पल्ल्याचा, गादीचा झटपट. एकाच छातीत दोन्ही कसे मावावेत?

आणि यंत्र आले म्हणून तंटा मिटतो असेही नाही. २०२३ साली नांदेडकडून लढलेला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा आम्ही गुलाल उधळला. (तो मूळचा पुणे जिल्ह्याचा, हे त्या दिवशी कोणाला आठवले नाही!) २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचांनी त्याला चीतपट ठरवले. त्याने चित्रीकरण पाहण्याची मागणी केली, वाद विकोपाला गेला आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती चित्रफीत चहाच्या टपरीवर आम्ही पुन्हापुन्हा, हळू करून पाहिली. चारजणांनी चार निकाल दिले.

अभ्यासाचेही तसेच. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून खेड्यापाड्यांतली मुले लातुरात खोल्या घेऊन राहतात. मग वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर 'नीट' लागू झाली आणि चार पर्यायांतला एक गोल काळा करणे ही विद्या ठरली. त्यातून डॉक्टर घडले, हे मान्य. पण बारा-बारा तास अभ्यास करणाऱ्या माझ्या एका मित्राला गावी चार ओळींचा अर्ज लिहिताना घाम फुटलेला मी पाहिला आहे.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हा कला शाखेवाल्यांना तरी कुठे आहे? माझ्या काकांनी मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांच्या टंकलेखन परीक्षा दिल्या आणि त्या दोन प्रमाणपत्रांवर कारकुनी मिळवून घर उभे केले. ते टाइपरायटर भंगारात गेले, संगणक आले. काका तेही शिकले. २०२२ च्या अखेरीस मात्र सांगेल त्या विषयावर निबंध लिहून देणारे यंत्र आले. काकांचे फक्त हत्यार बदलले होते. मला अनुवादक व्हायचे आहे. त्या यंत्राला मी एक उतारा दिला. त्याने क्षणात मराठी केले, आणि खरे सांगायचे तर ते फारसे वाईट नव्हते.

घरी हे सांगितले. आईने विचारले, "मग तुझ्या बी.ए.चं काय?" काका शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा काढून ते म्हणाले, "त्यानं कुठं चुकलंय ते तुला कळलं का?" दोन ठिकाणी कळले होते. "मग ते लिहून ठेव," म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.