तुपाचा थेंब

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याला स्वयंपाकघराचे उपकार मानावेच लागतात. विरजणावाचून जंतू समजत नाहीत आणि कुकरच्या शिट्टीवाचून वाफ. लस कशी तयार होते हा धडा आला, की मी थेट तुपालाच हात घालतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. परळच्या संस्थेला पुढे ज्याचे नाव मिळाले, तो वाल्डेमार हाफकिन लशीच्या मागे लागला. त्याने मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू सोडले आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू झुंबराच्या लोलकांसारखे खाली लोंबत वाढले. मग त्यांना उष्णतेने मारले. मेलेला जंतू रोग देत नाही. पण शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवते आणि पुढे जिवंत जंतू आला, की त्याला उंबरठ्यावरच गाठते. तुपाचे नाव निघताच मुले हसतात आणि धडा त्यांच्या लक्षात राहतो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. छप्पर एकच, फरक काय तो सुईचा! लस घेतलेल्यांत प्लेग पुष्कळच कमी आढळला.

हे सांगत असताना गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, कैद्याला नाही म्हणता येतं?"

"निम्म्यांनी घेतली नाहीच की," मी म्हणालो.

"पण घेतली त्यांतला एखादा भीतीनंच हो म्हणाला असेल तर?"

वर्ग गप्प झाला. मी पुस्तक मिटले आणि आजची रीत सांगितली. आधी प्राण्यांवर चाचणी, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग शेकड्यांवर, मग हजारोंवर. प्रत्येकाला त्याच्या भाषेत सगळे समजावून लेखी संमती घ्यायची आणि वाटेल तेव्हा त्याला बाहेर पडू द्यायचे. गृहपाठही बदलला : त्या कैद्याला समजेल असे संमतीपत्र लिहा.

कुणी पान भरले, कुणी दोन. त्या मुलीच्या वहीत एकच ओळ होती : 'तू नाही म्हणालास, तरी तुझी भाकरी कमी होणार नाही.'

यंदा तो धडा पुन्हा येईल. तुपाचा थेंब मी सोडणार नाहीच. पण फळ्यावर त्याच्याखाली ही ओळही लिहीन. लस तयार व्हायला दोन्ही लागतात.