कोल्हापूर ते पुणे, मिरजमार्गे

कोल्हापूरहून पुणे तसे लांब नाही. हमरस्ता धरला तर चार-पाच तासांत माणूस स्वारगेटला उतरतो. आम्ही मात्र गेल्या डिसेंबरात या वाटेला सकाळपासून रात्रीपर्यंतचा अख्खा दिवस दिला, तोही रेल्वेने आणि मध्ये मिरजेला उतरून. बुधवारी रात्री कोल्हापुरात देवल क्लबमध्ये एक मैफल होती आणि शुक्रवारपासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव ऐकायचा होता. मधला गुरुवार रिकामा होता. शाळेतून तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि मी, मुलीचे अब्बा व अकरावीतली लेक असे तिघे निघालो.

ही सुटी लेकीसाठी होती. तीन वर्षांपासून ती शास्त्रीय गाणे शिकते. क्लासमध्ये आपल्या समाजातली ती एकटीच. पहिल्याच महिन्यात तिने मला विचारले होते, "अम्मी, अल्लादियाखाँसाहेब कोण? बाई त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात." गुरूचे किंवा थोर उस्तादाचे नाव उच्चारताना कानाला हात लावायचा ही गवयांची रीत. ज्या नावापुढे तिच्या बाई आणि सगळा वर्ग कानाला हात लावतो, ते नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलेले नव्हते. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे मुलीच्या दादीचे, म्हणणे तर सरळ होते : "गाना सुनने कू पुने तलक?" त्यामागे शरियतचा मसला कमी आणि उद्या येणाऱ्या रिश्त्यांची काळजी जास्त, हे मला ठाऊक आहे. त्या काळजीला हसण्यात अर्थ नाही. गाणाऱ्या मुलीकडे लोक कसे पाहतात, हे त्यांच्या पिढीने जवळून पाहिले आहे.

बुधवारची मैफल जयपूर घराण्याच्या गायिकेची होती, म्हणजे कोल्हापूरचीच म्हणायची. अल्लादियाखाँसाहेब मूळचे राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. ऐन उमेदीत अति गाण्याने त्यांचा आवाज बसला. तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही, तेव्हा त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवले. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. तिथे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या त्यांनी तयार केल्या. १९४६ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. चिरंजीव भूर्जीखाँ मात्र कोल्हापुरात राहिले. ते अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याच शागीर्द. खाँसाहेबांनी आपली आत्मकथा नातू अजीजुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगितली. ती २००० साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. वर्गात उर्दू शिकवणाऱ्या मला ती इंग्रजीतून वाचावी लागली. मराठीत गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आहे. आपल्या किती घरांत ते असेल, कोण जाणे.

मैफल संपल्यावर जवळच असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाकडे लेकीने एकदा पाहून घेतले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेले हे नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले. त्या रात्री कोल्हापुरात अनेक घरी चूल पेटली नसावी, असे मला अजून वाटते.

गुरुवारी सकाळी पॅसेंजर धरली. कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग १८९१ चा, संस्थानी काळातला. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. जलद गाडीत माणूस डबा उघडून नाश्ता संपवतो तोवर मिरज येते. पॅसेंजर मात्र प्रत्येक गावाला दम घेते, आणि लेकीला हा रस्ता दाखवायचा तर हीच गाडी बरी होती.

पहिले लक्षात येते ते वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार लोक इथल्या छावणीत राहिले होते. पुढे फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. मग पंचगंगा, रुकडी, आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हातकणंगले आले तेव्हा मी लेकीला म्हटले, "इथून इचलकरंजी जवळ. बाळकृष्णबुवांचं गाव." बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली हे तिला पाठ होते. तिचे अब्बा मध्येच म्हणाले, "आणि ग्वाल्हेरची ती गायकी कुणाची?" हद्दूखाँ-हस्सूखाँ या भावांची. बुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे त्यांचे शागीर्द. मुलीचे अब्बा बँकेत आहेत, गाण्यातले त्यांना फारसे कळत नाही, पण हिशेब कुठून कुठे जातो हे त्यांना बरोबर कळते.

जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले, आखीव रस्त्यांचे गाव. इथून कुरुंदवाड जवळ. हद्दूखाँचे चिरंजीव रहमतखाँ यांचा शेवटचा काळ कुरुंदवाडला गेला. सर्कसवाले छत्रे बंधू त्यांना सांभाळून होते. विष्णुपंत छत्रे स्वतः हद्दूखाँकडे गाणे शिकलेले, म्हणून उस्तादांच्या मुलाची जबाबदारी त्यांनी आपली मानली. सर्कशीच्या मुक्कामाबरोबर गावोगाव फिरणारा इतका मोठा गवई! लेक खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "म्हणजे हे सगळे प्रवासातच असायचे." होते खरे. दरबारी नोकरी सुटली की गवयाचे घर म्हणजे बिस्तरा, तंबोरा आणि आगगाडी.

कृष्णेचा पूल ओलांडला आणि मिरज आले.

मिरजेत दोन कामे होती. पहिले सतारमेकर गल्लीत. इथल्या तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब यांनी सुरू केला. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी, हत्यारे घडवणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे त्या हातांनी तंबोरे आणि सतारी घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही ज्या दुकानात बसलो तिथल्या चाचांनी लेकीला भोपळा हातात दिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येणारा, खायचा नव्हे, खास वाद्यासाठी वाढवलेला आणि वाळवलेला. आधी तो भिजवतात, कापतात, आतून साफ करून आकारात बसवतात. दांडीला तूनचे लाकूड. वरचे नक्षीकाम पाहून माणूस हरखतो, पण चाचा म्हणाले, "बेटी, नक्षी कोणीही करील. जवारीला उमर लागते." जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसेने असा घासायचा की तार तिला नेमकी स्पर्श करील आणि आवाज गोल, भरलेला, गुंजत येईल. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा, तो केसभर मागेपुढे केला की सूर उघडतो. चाचांनी दोरा सरकवला. आधी नुसती तार वाजत होती, आता खोली वाजू लागली. लेकीने डोळे मिटून घेतले. तिच्याकडे मोबाईलमधला तंबोरा आहे. आज बहुतेक मुलांकडे तोच असतो. चाचांची त्यावर तक्रार नव्हती. त्यांची मुले या कामात आहेत का, असे मी विचारले, तेव्हा मात्र ते तारेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एक आहे."

तिच्या पट्टीचा, काळी चारचा तंबोरा किती दिवसांत होईल, हे लेकीने परस्पर विचारून घेतले. तिच्या अब्बांनी ऐकले नाही असे दाखवले.

दुसरे काम हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्यात. गुरुवार म्हणजे जुमेरात, गर्दी होती. या दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो आणि त्याच उरुसात खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. लांबलांबचे गवई येऊन हजेरी लावतात, तिकीट वगैरे काही नाही. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब बसून गात, असे मिरजकर सांगतात. आवारातच त्यांची मजार आहे.

किराणा घराण्याचे हे उस्ताद. जन्म १८७२, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मिरजेत घालवला. कर्नाटकी संगीतही त्यांनी आत्मसात केले होते, म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मान होता. वाद्ये ते स्वतः दुरुस्त करीत. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुले. घराची ताटातूट झाली आणि मुले आईकडे, तिच्या नावाने वाढली. हिराबाईंनी तर जाहीर कार्यक्रमात, तिकीट लावून गाण्याची वाट घरंदाज स्त्रियांसाठी मोकळी केली. आमच्या सासूबाईंच्या काळजीवर कोणाचे नाव सांगायचे झाले तर मी हिराबाईंचे सांगेन.

आम्ही फातेहा पढलो. जोहरची वेळ झाली होती. आम्ही मुसाफिर, म्हणून चारऐवजी दोन फर्ज. नमाज झाल्यावर सावलीला बसून मी लेकीला खाँसाहेबांच्या शेवटच्या सफरीची हकीकत सांगितली. ऑक्टोबर १९३७. मद्रासकडचे कार्यक्रम उरकून ते पाँडिचेरीला निघाले होते, तिथेही गायचे होते. आजच्या आमच्यासारखाच दोन मैफलींमधला प्रवासाचा दिवस. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमलकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी नमाज अदा केली, मग दरबारी रागाच्या सुरांत कलमा पढू लागले आणि पढतापढताच गेले. दफन इथे, मिरजेत झाले.

संगीताच्या मसल्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि राहतील. त्यावर फैसला देणे माझ्या अधिकारात नाही. पण ज्या माणसाने शेवटचा श्वास कलम्यावर सोडला आणि तो कलमाही सुरात म्हटला, त्याच्यासाठी गाणे आणि बंदगी ही दोन वेगळी घरे नव्हती, एवढे मला दिसते. आपण त्यांची दोन घरे केली आणि एकाची किल्ली हरवू दिली. आपल्या शादीत रात्री एकपर्यंत डीजे वाजतो तेव्हा कोणी फतवा विचारत नाही. घरातली मुलगी तंबोरा घेऊन बसली की मात्र सगळ्यांना मसला आठवतो. हे मला शिक्षिका म्हणून बोचते आणि आई म्हणून जास्त.

दुपारनंतर मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेस घेतली. शेजारी बसलेले एक आजोबाही महोत्सवालाच निघालेले. त्यांनी लेकीला भीमसेन जोशींची गोष्ट सांगितली : अब्दुल करीमखाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून अकरा वर्षांचा तो मुलगा घर सोडून पळाला आणि खिशात पैसे नसताना तिकीट तपासनिसांना गाणी ऐकवत गाड्यांमधून हिंडत राहिला. पुढे त्याला गुरू मिळाले ते रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. ते अब्दुल करीमखाँचे पट्टशिष्य. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून पुण्याचा हा महोत्सव सुरू झाला. "पुण्याच्या मांडवाचा खांब मिरजेत रोवलेला आहे," आजोबा म्हणाले आणि नाव घेताना त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. लेकीनेही लावला. तिचे अब्बा तिच्याकडे पाहत होते.

मगरीबला गाडी साताऱ्याच्या अलीकडे होती. सीटवर बसूनच नमाज पढलो, मग घरून आणलेल्या रोट्या आणि सुक्क्या मटणाचा डबा उघडला. आजोबा शाकाहारी, त्यांनी आपली शेंगापोळी पुढे केली.

साताऱ्यानंतर दादीचा फोन आला. नमाज झाली का, जेवलात का, थंडी आहे का, मीरासाहेबांजवळ माझ्यासाठी दुआ मागितली का. लेक म्हणाली, मागितली, आणि खाँसाहेबांच्या मजारीवर फातेहाही पढली. पलीकडून विचारणा झाली, "कौन खाँसाब?" मग लेक सांगू लागली. कैराना, मिरज, चिंचेचे झाड, मद्रासची गाडी. वाठार गेले. छातीत दुखू लागले आणि ते लहान स्टेशनवर उतरले, एवढ्यापर्यंत ती आली असेल, तोच आदर्कीचा घाट सुरू झाला, बोगदे आले आणि फोन तुटला. लेकीने दोन-तीनदा लावून पाहिला, लागेना.

लोणंदला गाडी थांबली तेव्हा दादीनेच पुन्हा लावला. "हां, फिर? टेसन पे उतर के क्या किए वो?"