फळा चमकतोय, बाई!

डोळे दुखू लागले, कपाळ चढलं, की आपल्याकडे पहिला संशय चष्म्याच्या नंबरावर आणि दुसरा बाईच्या नोकरीवर. आमच्या जाऊबाईंचंही तेच झालं. त्या एका कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरवर हिशेब करतात. कचेरी नव्या जागेत गेली आणि रोज दुपारी चारनंतर त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांची नुसती आग. डोळे तपासून झाले, नंबर तोच. मग घरात सुरू झालं, "झेपत नसेल तर सोड ना नोकरी!" सतरा वर्षांची नोकरी हो! त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मी अर्धवेळ शिकवायला जाते. दुपारच्या तासाला कडेच्या बाकांवरची मुलं ओरडतात, "बाई, फळा चमकतोय!" अशा वेळी आपण मुलांचा चष्मा बदलत नाही, खिडकी लोटून घेतो. मी म्हटलं, "वहिनी, तुमचाही फळाच चमकत असेल."

परीक्षा अगदी सोपी. स्क्रीन बंद करून नेहमीच्या जागी बसायचं. काळ्या काचेत खिडकी किंवा दिवा दिसला, तर त्या झळाळीतूनच आपण दिवसभर आकडे शोधत असतो. मग उन्हात धरतो तसा कपाळावर हात आडवा धरायचा. लगेच बरं वाटलं, तर दोष डोक्यावरच्या दिव्याचा.

जाऊबाईंच्या काचेत पाठची अख्खी पश्चिमेची खिडकी दिसली! साहेब आधी म्हणाले, "एकीचं टेबल हलवलं तर सगळ्याच मागतील." यांनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी टेबल फिरलं.

खिडकी पाठीशी नको, समोरही नको, बाजूला हवी. दिवा स्क्रीनच्या नेमका वर नको. स्क्रीन हातभर लांब, तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली. एसीचा झोत तोंडावर नको. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद पाहावं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांना मात्र भुलू नका. २०२३ साली कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या काचांपेक्षा त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसलं नाही. चाळिशी लागलेल्यांनी एक करावं. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो आणि स्क्रीन असते त्याहून लांब. तेव्हा ते अंतर पट्टीने मोजून डॉक्टरांना सांगावं.

जाऊबाईंचं डोकं दोन आठवड्यांत थांबलं, नोकरीचा विषयही थांबला. एवढं करूनही दुखणं राहिलं, डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर मात्र घरगुती उपाय पुरे. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.