बल्लूच्या नदीकाठी मुक्काम

मित्रांनो, मोगलीची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. बगीरा, शेरखान आणि मोगलीला जंगलाचे कायदे शिकवणारं बल्लू अस्वल! रुडयार्ड किपलिंग यांचं हे 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकात एक नदीही आहे. तिचं नाव ठाऊक आहे का? वैनगंगा! होय, आपलीच वैनगंगा.

ही नदी मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथून वळणं घेत महाराष्ट्रात येते आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. चंद्रपूरच्या बाजूच्या काठावर पोंभुर्णा तालुका आहे. ताडोबाच्या जंगलातून येणारी अंधारी नदीही याच भागात वैनगंगेला मिळते. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. साग, बांबू, मोह, तेंदू अशी नुसती झाडीच झाडी! आणि जिथे मोह आणि वारुळं, तिथे बल्लूचे भाऊबंद असणारच, नाही का?

आमच्या सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही तीन शिक्षक होळीनंतर तिथे एका रात्रीच्या मुक्कामाला गेलो होतो. नदीकाठच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात तंबू ठोकले. खाली नदीचं पात्र. मार्चमध्ये पाणी एका कडेला सरकलेलं आणि बाकी सगळी पांढरीशुभ्र वाळू! पाण्यात ढिवर बांधवांचे डोंगे. डोंगा म्हणजे इकडची लाकडी नाव, बरं का.

संध्याकाळी वनरक्षकदादा आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खाण्याचं सामान कुठे ठेवलं?" आम्ही दाखवलं. ते म्हणाले, "गूळ, साखर, केळी तंबूत नको. शाळेच्या खोलीत ठेवून कडी लावा. उष्टंखरकटं नदीकाठी टाकू नका." मुलांना गंमत वाटली. पण हा नियम जगभर आहे. अमेरिकेत योसेमिटी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मुक्काम करणाऱ्यांना आपलं खाणं लोखंडी पेट्यांत बंद करावंच लागतं, कारण तिथली काळी अस्वलं खाण्याच्या वासाने मोटारीसुद्धा फोडतात! आपल्याकडे राजस्थानात माउंट अबूला अस्वलं कचऱ्यातलं अन्न खायला वस्तीत येतात. एकदा ही चटक लागली की अस्वल माणसाला बिचकेनासं होतं. मग माणसालाही धोका आणि अस्वलालाही.

रात्री जेवणं झाली. सगळे शांत बसलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या झुडपांतून एक विचित्र आवाज आला. आधी फूंऽऽ फूंऽऽ, मग सूंऽऽ सर्र! कोणी तरी मोठ्या नळीने रस ओढावा तसा. दादा हळूच म्हणाले, "अस्वल वाळवी खातंय."

ऐकून नवल वाटलं ना? आपल्या अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतातच. पहिली-दुसरीतल्या मुलांसारखं बोळकं! फरक एवढाच, की तुमचे दात पुन्हा येतात, त्याचे येत नाहीत. पण ही फटच त्याच्या कामाची. लांब नखांनी ते वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. हा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो.

सकाळी ऊन वर आल्यावर दादांबरोबर वाळूत उतरलो. एक मुलगी ओरडली, "मॅडम, इथून कोणी तरी अनवाणी गेलंय!" खरंच, लहान मुलाच्या तळव्यासारखे ठसे होते. पण बोटांच्या पुढे नखांचे खड्डे! अस्वल रात्री पाणी पिऊन गेलं होतं. एकाने विचारलं, "पिल्लू नसेल ना बरोबर?" दादा हसले. "ते आईच्या पाठीवर बसून आलं असेल, तर त्याचे ठसे कसे दिसणार?"

हे ऐकून सगळे आजूबाजूला पाहू लागले. कारण अस्वलाची पिल्लं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत जन्मतात आणि मार्चच्या सुमारास आईच्या पाठीवर बसून बाहेर पडू लागतात. नेमका तोच मोह गळण्याचा हंगाम.

इथे खरी अडचण सुरू होते. मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटप गळतात. अस्वलाला ती फार आवडतात. आणि गावातल्या माणसांचं त्यांच्यावरच पोट! फुलं वेचायची, वाळवायची, विकायची. वर्षातल्या थोड्याच दिवसांची ही कमाई. उशीर झाला की गुरं आणि रानातली जनावरं फुलं खाऊन टाकतात. म्हणून आयाबाया, आजोबा, कधी कधी तुमच्याएवढी मुलंसुद्धा टोपल्या घेऊन भल्या पहाटे निघतात. अंधार असतो, सगळ्यांची नजर जमिनीवर असते आणि त्याच झाडाखाली अस्वलही येतं. त्याचं नाक तल्लख, पण नजर अधू. खाण्यात दंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकतं आणि अंगावर धावतं.

त्या गावात एक मामा भेटले. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत जुने व्रण होते. मुलांनी विचारलं, "मामा, तुम्हाला अस्वलाचा राग येत नाही?" ते म्हणाले, "अस्वलाची का चूक, बाबू? थेबी मोहासाठी आलं, मीबी मोहासाठीच गेलतो. दोघायचंबी लक्ष खालीच होतं."

मुलं गप्प झाली. रात्री जो आवाज आम्हाला मौज वाटला होता, तोच आवाज ऐकून त्या गावातली आई मुलाला सांगते, "उद्या तिकडच्या झाडाकडे जायचं नाही." आपण एक रात्र राहतो आणि परत येतो. त्यांना दर वर्षी मार्चमध्ये पहाटे तिथेच जायचं असतं.

मग करायचं काय? गावकरी आणि वनरक्षक जे सांगतात ते लक्षात ठेवा. उजाडल्याशिवाय रानात जायचं नाही. एकट्याने जायचं नाही. चालताना मोठ्याने बोलायचं, काठी आपटायची, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागते आणि ते आपणहून बाजूला होतं. मोहाखालचा पालापाचोळा पेटवायचा नाही, त्याने वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर पाचोळा जाळावाही लागत नाही.

आणि हो, 'दोन मित्र आणि अस्वल' ही गोष्ट आठवते? त्यातला एक मित्र झाडावर चढून वाचतो. आपल्या अस्वलापुढे ही युक्ती चालायची नाही बरं! मधाच्या पोळ्यासाठी ते झाडावर चांगलं चढतं. पळण्यातही माणसाला हरवतं. म्हणून ते लांब दिसलं, तर दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे गुंफायचे आणि चेहरा जमिनीकडे दाबून धरायचा, असं जाणकार सांगतात.

अस्वलाला मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण नुसत्या कायद्याने ते कसं जगेल? ते बोरं, जांभळं, टेंभरं, बहाव्याच्या शेंगा खातं आणि विष्ठेतून त्यांच्या बिया रानभर पेरतं. त्यातून नवी झाडं उगवतात. म्हणजे ज्या रानावर गावाचं पोट आहे, ते रान वाढवायला अस्वलही मदत करतं!

तेव्हा दोस्तांनो, सुट्टीत कधी झाडीपट्टीतल्या नदीकाठी मुक्कामाला गेलात, तर वनखात्याची परवानगी घ्या, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा आणि "अस्वल दिसलं का?" एवढंच विचारून थांबू नका. "इथली माणसं मोह कधी वेचतात, कशी जातात?" हेही विचारा. मोठ्यांजवळ बसून नीट ऐका. अस्वलाच्या गावात कसं राहायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं आपल्याला कोण शिकवणार?